अटलांटातील किंग स्मारक आणि एबेनेझर चर्च : एक सविस्तर परिचय

जॉर्जिया राज्याच्या राजधानीत, अटलांटा शहरातील ऑबर्न अव्हेन्यू या रस्त्यावर, मार्टिन ल्यूथर किंग (ज्युनियर) राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. नावात उद्यान असले तरी प्रत्यक्षात ती एक जुनी वस्ती आहे. किंग यांचे जन्मघर, त्यांच्या घराण्याने सांभाळलेले एबेनेझर बॅप्टिस्ट चर्च, त्यांची समाधी, शंभर वर्षांहून जुने अग्निशमन केंद्र आणि अलीकडच्या काळातील व्हिजिटर सेंटर हे सारे चालत जाता येईल इतक्या अंतरात आहे. व्यवस्था केंद्र सरकारच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे आणि प्रवेशासाठी पैसे पडत नाहीत. मुलांकडे आलेली मराठी मंडळी अटलांटात मत्स्यालय आणि कोका-कोलाचे संग्रहालय पाहतात, आणि या स्मारकाला उरलेला तासभर देतात. माझे स्पष्ट मत असे की या ठिकाणाला एक पूर्ण दिवस द्यावा, तो शक्यतो रविवार असावा, आणि समाधीपेक्षा चर्चला अधिक वेळ द्यावा. तसे का, हे सांगण्यासाठी हा परिचय लिहिला आहे.

ख्रिस्ती श्रद्धा आणि लोकशाही यांचा परस्परांशी संबंध काय, या प्रश्नावरून अमेरिकेत आज जितकी कटुता आहे तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या प्रश्नावरून असेल. गेल्या काही अध्यक्षीय निवडणुकांत गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबलच्या अधिकारावर आणि व्यक्तिगत परिवर्तनावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट) मतदारांपैकी दहातल्या सुमारे आठ जणांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिले, तर कृष्णवर्णीय प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील, म्हणजे एकेका चर्चच्या सभासद-समूहांतील, बहुसंख्य सभासद तितक्याच ठामपणे विरुद्ध बाजूला उभे राहिले. दोघांच्या हातात पवित्र शास्त्र एकच आहे, गीतेही पुष्कळशी तीच आहेत. 5 जानेवारी 2021 रोजी एबेनेझर चर्चचे प्रमुख पाळक (धर्मगुरू) राफाएल वॉर्नॉक डेमोक्रॅटिक पक्षातर्फे जॉर्जियातून सिनेटवर निवडून आले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये संसद भवनावर जमाव चालून गेला, आणि त्या जमावात क्रूस होते, येशूच्या नावाचे फलक होते, सिनेटच्या सभागृहात शिरल्यावर केलेली प्रार्थनाही होती. एकाच श्रद्धेची ही दोन रूपे चोवीस तासांच्या आत जगाने पाहिली. त्यांपैकी पहिल्या रूपाची वास्तू ऑबर्न अव्हेन्यूवर उभी आहे, आणि ती पाहताना दुसरे रूप मनातून बाजूला सारता येत नाही.

पाहणीची सुरुवात व्हिजिटर सेंटरपासून करावी. मध्यभागी चढणीचा एक रस्ता उभारलेला आहे आणि त्यावर माणसांचे पूर्णाकृती पुतळे चालत आहेत. पाहणाऱ्यालाही त्यांच्याबरोबर त्या चढावर चालता येते. लहान मुलांना हे सर्वांत अधिक आवडते, ती एखाद्या पुतळ्याचा हात धरून उभी राहतात. भोवतालच्या दालनांतून वर्णभेदाचे कायदे, बसवरील बहिष्कार, मोर्चे, तुरुंगवास आणि मताधिकाराची लढाई यांचा इतिहास चित्रफिती व छायाचित्रांतून येतो. 9 एप्रिल 1968 रोजी दोन खेचरांनी ओढलेल्या ज्या साध्या लाकडी गाडीतून किंग यांची शवपेटी एबेनेझरहून मोअरहाउस कॉलेजकडे नेण्यात आली, ती गाडीही येथे ठेवलेली आहे. शेतावरची, बिनछताची ती गाडी आहे. तिच्यासमोर उभे राहिल्यावर त्या दिवशी जॉर्जियाचे राज्यपाल लेस्टर मॅडॉक्स अंत्यविधीला गेले नाहीत, हेही लक्षात ठेवावे. मॅडॉक्स देवाचे नाव उघडपणे घेणारे बॅप्टिस्ट होते, आणि आपल्या उपाहारगृहातून कृष्णवर्णीय ग्राहकांना हाकलून लावल्यामुळे प्रसिद्धीस आले होते.

प्रदर्शनाची मांडणी नेटकी आहे, भाषा सोपी आहे आणि इंग्रजी फारसे न येणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही चित्रांवरून कथा कळते. मात्र तिचा सारा भर वर्णभेद विरुद्ध न्याय या एका संघर्षावर आहे. ख्रिस्ती लोक या संघर्षात एकमेकांसमोर उभे होते, हा जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धागा आहे, त्यासाठी पाहणाऱ्याने थोडी तयारी करून जावे. आज अमेरिकेतील सर्वांत मोठा प्रॉटेस्टंट संघ असलेल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनची स्थापना 1845 मध्ये याच जॉर्जियात, ऑगस्टा शहरात झाली. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवावे की नाही, हा वादाचा मुद्दा होता आणि दक्षिणेकडील मंडळ्यांचे उत्तर ‘पाठवावे’ असे होते. या संघाने गुलामगिरीच्या समर्थनाबद्दल जाहीर क्षमा मागितली ती 1995 मध्ये, आणि तो ठराव अटलांटातील अधिवेशनात संमत झाला. दीडशे वर्षे लागली. 1963 मध्ये अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून किंग यांनी लिहिलेले प्रसिद्ध पत्रही कोणा नास्तिकाला किंवा वर्णद्वेष्ट्या पोलीस अधिकाऱ्याला उद्देशून नव्हते. ते आठ गोऱ्या धर्मगुरूंना उद्देशून होते. त्या सर्वांचे म्हणणे एवढेच होते की थोडे सबुरीने घ्या.

मतभेद केवळ गोऱ्या आणि काळ्या मंडळ्यांतच होता असेही नाही. देशातील सर्वांत मोठ्या कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट संघाचे अध्यक्ष जोसेफ जॅक्सन यांना किंग यांचा सत्याग्रहाचा मार्ग मान्य नव्हता. कायद्याचा आदर आणि आर्थिक उन्नती यांवर त्यांचा भर होता. हा वाद इतका वाढला की 1961 मध्ये किंग यांच्या बाजूच्या पाळकांनी बाहेर पडून वेगळा संघ स्थापन केला. 1966 च्या गॅलप पाहणीत 63 टक्के अमेरिकनांनी किंग यांच्याविषयी प्रतिकूल मत नोंदवले होते. आज दोन्ही पक्षांचे नेते जानेवारीत त्यांच्या समाधीवर फुले वाहतात, तेव्हा हा आकडा विसरला जातो. घटना समितीतील शेवटच्या मोठ्या भाषणात, 25 नोव्हेंबर 1949 रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की धर्मात भक्ती हा मोक्षाचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात भक्ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. थोर पुरुषाच्या स्मारकात शिरताना मराठी माणसाने हा इशारा सोबत ठेवावा. किंग यांना मखरात बसवले की ज्या प्रश्नासाठी त्यांनी आपल्याच धर्मबांधवांचा रोष ओढवून घेतला, तो प्रश्न नाहीसा होतो.

आता चर्चविषयी. एबेनेझरची मंडळी 1886 मध्ये, गुलामगिरी संपल्यानंतर एकवीस वर्षांनी स्थापन झाली. 1894 मध्ये किंग यांचे आजोबा ए. डी. विल्यम्स तेथे पाळक झाले, 1931 मध्ये त्यांची जागा जावई मार्टिन ल्यूथर किंग सीनियर यांनी घेतली, आणि 1960 पासून मृत्यूपर्यंत किंग ज्युनियर वडिलांचे सहपाळक होते. 1922 मध्ये पूर्ण झालेली लाल विटांची जुनी वास्तू पार्क सर्व्हिस सांभाळते. दुरुस्ती करताना ती 1960 च्या दशकात जशी दिसत होती तशी परत आणली आहे. बाहेर निळ्या निऑन दिव्यांची पाटी आहे. आत गेल्यावर प्रथम जाणवतो तो तिचा लहानपणा. ज्या व्यासपीठावरील शब्दांनी एका बलाढ्य राष्ट्राचे कायदे बदलले ते व्यासपीठ शेवटच्या बाकावरूनही अगदी समोर वाटते. माझे बालपण नगरच्या मंडळीत गेले आहे. तेथे अमेरिकन मिशनऱ्यांनी 1831 मध्ये काम सुरू केले होते, आणि त्यांनी मागे ठेवलेल्या उपासनामंदिरांतील बाके आणि येथली बाके यांत मला फारसा फरक दिसला नाही.

सभागृहात किंग यांच्या प्रवचनांची ध्वनिमुद्रणे लावलेली असतात. पाहुण्यांनी बाकांवर बसून ती ऐकावीत अशी सोय आहे. मी बसले होते तेव्हा माझ्यापुढच्या बाकावर एक वयस्क कृष्णवर्णीय बाई होत्या. मुद्रणातील मंडळी मध्येच ‘हो’ म्हणे, ‘आमेन’ म्हणे, आणि त्यांच्यापाठोपाठ या बाई हलक्या आवाजात तोच प्रतिसाद देत होत्या. एकदा किंग वाक्य अर्धे सोडून थांबले, मुद्रणातील लोकही क्षणभर थांबले, आणि बाईंनी त्या रिकाम्या जागेत ‘बोला, पाळकसाहेब’ असे म्हटले. शेजारी बसलेला त्यांचा नातू मोबाइल खाली ठेवून त्यांच्याकडे पाहू लागला. या चर्चमध्ये प्रवचन ही एकट्याने करायची गोष्ट नाही, ऐकणारा त्यात बोलतो, अडवतो, पुढे ढकलतो. लोकशाहीचा सराव मताधिकार मिळण्याच्या कितीतरी आधीपासून या बाकांवर चालू होता, असे मला तेथे बसून वाटले. ज्यांना नगरपालिकेच्या निवडणुकीतही मोजले जात नव्हते, ती माणसे येथे डीकन (मंडळीचे सेवक-पदाधिकारी) निवडत होती, पाळकाला बोलावण्याचा ठराव मतास टाकत होती, हिशेब विचारत होती.

ज्याला हा इतिहास कोरडा वाटतो त्याने 1939 या एका वर्षाकडे पाहावे. त्या वर्षी किंग सीनियर यांनी मतदार नोंदणीची मोठी मोहीम काढण्याचे ठरवले. सावधपणे वागणाऱ्या इतर पाळकांचा आणि पुढाऱ्यांचा विरोध असतानाही एबेनेझरमध्ये हजारावर माणसे जमली. जॉर्जियात तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत केवळ गोऱ्यांना मत देता येई, आणि ही प्रथा न्यायालयाने मोडली ती 1946 मध्ये. त्याच 1939 च्या डिसेंबरात, एका गाजलेल्या चित्रपटाच्या पहिल्या खेळानिमित्त शहरातील गोऱ्या प्रतिष्ठितांनी मेजवानी ठेवली होती, आणि तेथे एबेनेझरचे गायकवृंद गुलामांच्या वेषात गायले. त्या मुलांमध्ये दहा वर्षांचा मार्टिनही होता. इतर बॅप्टिस्ट पाळकांनी त्याबद्दल त्याच्या वडिलांना दोष दिला. मला या दोन घटना एकत्र ठेवणे आवश्यक वाटते, कारण त्या मंडळीचे खरे स्वरूप त्यांतून कळते. ती आरंभापासून निर्भय नव्हती. तडजोड करणारी, सत्तेपुढे गाणारी आणि त्याच वर्षी मताधिकार मागणारी अशी ती मंडळी होती.

आणखी एक प्रसंग. 1960 च्या निवडणुकीत किंग सीनियर यांचा कल रिपब्लिकन निक्सन यांच्याकडे होता, आणि त्याचे एक कारण त्यांनी लपवले नव्हते : केनेडी कॅथलिक होते. ऑक्टोबरमध्ये मुलगा अटलांटातील एका मोठ्या दुकानात धरणे धरताना पकडला गेला आणि त्याला दूरच्या रीड्सव्हिल तुरुंगात धाडण्यात आले. तेव्हा केनेडींनी त्याची पत्नी कोरेटा किंग यांना दूरध्वनी करून धीर दिला, केनेडींच्या भावाने न्यायाधीशांशी बोलणे केले, आणि सुटकेनंतर वृद्ध पाळकांनी आपले मत केनेडींना देण्याचे जाहीर केले. बॅप्टिस्ट मनात कॅथलिकांविषयी असलेली अढी एका फोनने पूर्ण गेली असेल असे मी म्हणणार नाही. परंतु पंथाच्या भिंतीपलीकडे जाऊन मत देता येते, हे त्या व्यासपीठाच्या मालकानेही वयाची साठी ओलांडल्यावर शिकून घेतले, ही गोष्ट आजच्या अमेरिकेला पुन्हा सांगण्याजोगी आहे.

याच वास्तूत जानेवारी 1957 मध्ये दक्षिणेतील सुमारे साठ पाळक व कार्यकर्ते जमले आणि पुढे ‘सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्स’ या नावाने ओळखल्या गेलेल्या संघटनेचा पाया घातला गेला. अमेरिकेचा आत्मा वाचवणे, हे तिचे ब्रीद होते. बैठक सुरू होत असतानाच, किंग तेव्हा जेथे पाळक होते त्या माँटगोमेरीत चर्चवर आणि पाळकांच्या घरावर बाँब टाकल्याची बातमी आली, किंग यांना तातडीने परत जावे लागले, आणि काही वेळ कोरेटा यांनी व बर्मिंगहॅमचे पाळक फ्रेड शटल्सवर्थ यांनी काम पुढे नेले. येथेच 30 जून 1974 रोजी, रविवारच्या उपासनेत ऑर्गन वाजवत असताना, किंग यांच्या आई अल्बर्टा यांचा गोळी घालून खून झाला. मुलाच्या मृत्यूविषयी बोलणारे पुष्कळ असतात. आईच्या मृत्यूविषयी मात्र पाहुण्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, म्हणून ऑर्गनपाशी थोडे थांबावे.

किंग यांनी 4 फेब्रुवारी 1968 रोजी एबेनेझरमध्ये जे प्रवचन केले, ते दोन महिन्यांनी त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी ध्वनिमुद्रणातून पुन्हा ऐकवण्यात आले. त्याचा आधार मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय हा होता. याकोब आणि योहान हे शिष्य येशूजवळ येऊन त्याच्या गौरवात उजवीकडची आणि डावीकडची जागा मागतात, आणि येशू उत्तर देतो की तुमच्यात ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने सर्वांचा सेवक व्हावे. ख्रिस्ती मंडळीने लोकशाहीत काय मागावे, या प्रश्नाचे याहून नेमके उत्तर मला इतरत्र सापडलेले नाही. सिंहासनाच्या उजवी-डावीकडची जागा मागणारी मंडळी अमेरिकेत आज भरपूर आहे, आणि ती एकाच पक्षात नाही. एबेनेझरने आपल्या सर्वांत चांगल्या काळात स्वतःसाठी खुर्ची मागितली नाही, शेजाऱ्याचे नाव मतदार यादीत यावे हे मागितले. व्हिजिटर सेंटरमध्ये तपशील मिळतो, पण हा फरक जुन्या सभागृहातच नीट कळतो.

रस्त्याच्या त्याच बाजूला, कोरेटा किंग यांनी 1968 मध्ये स्थापन केलेले किंग सेंटर आहे. निळ्या पाण्याच्या लांबट तळ्यात पांढऱ्या संगमरवराची समाधी आहे, 2006 पासून कोरेटाही तेथेच आहेत. छायाचित्रे काढणाऱ्यांची येथे सतत रांग असते. येथील सभागृहात गांधीजींसाठी स्वतंत्र दालन आहे, आणि व्हिजिटर सेंटरच्या बाजूला गांधीजींचा पुतळा आहे. मराठी पाहुण्यांनी एवढे लक्षात ठेवावे की फेब्रुवारी 1959 मध्ये भारतात आले असता किंग मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात राहिले होते. त्याहून मोलाचा दुवा मात्र चर्चच्या बाजूला आहे. 4 जुलै 1965 रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, किंग यांनी एबेनेझरच्या व्यासपीठावरून भारतातील एक आठवण सांगितली. त्रिवेंद्रममधील एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतून आलेला आपल्यासारखाच एक अस्पृश्य अशी करून दिली. क्षणभर त्यांना ते लागले. मग आपल्या देशातील दोन कोटी बांधवांची स्थिती त्यांच्या डोळ्यांपुढे आली, आणि होय, मी अस्पृश्य आहे, हे त्यांनी स्वतःशी मान्य केले. आंबेडकरांनी 1946 मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांतील साम्य दाखवले होते. ही दोन्ही टोके जुळताना पाहायची असतील तर अटलांटात गांधीजींच्या पुतळ्याबरोबर त्या लाकडी बाकांवरही बसायला हवे.

रविवारची उपासना समोरच्या नव्या इमारतीत होते. ती 1999 मध्ये वापरात आली. उपासनेला कोणीही जाऊ शकते, मात्र हा पर्यटकांसाठी ठेवलेला कार्यक्रम नाही याचे भान ठेवावे, पूर्ण वेळ बसावे आणि प्रवचन चालू असताना मोबाइल बाहेर काढू नये. गायन अप्रतिम असते. मी गेले त्या रविवारी उपासनेतील सूचनांमध्ये आजारी सभासदांची नावे, विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती आणि मतदार नोंदणीची माहिती एकापाठोपाठ एक, सारख्याच सुरात सांगितली गेली. नोंदणीची सूचना कोणत्याही पक्षाचे नाव न घेता आली होती. 1954 पासून अमेरिकेच्या करविषयक कायद्यात अशी तरतूद आहे की करमाफी घेणाऱ्या चर्चने उमेदवाराचा प्रचार करू नये. मला ही तरतूद योग्य वाटते, आणि ती सैल करण्याचे जे प्रयत्न चालू आहेत त्यांनी मंडळ्यांचे नुकसान होईल असेही वाटते.

येथे अर्थातच कठीण प्रश्न उभा राहतो. या मंडळीचे प्रमुख पाळकच सिनेटर आहेत. वॉर्नॉक 2005 मध्ये एबेनेझरला आले, 2021 मध्ये सुमारे 93 हजार मतांनी आणि 2022 मध्ये एक लाखाहून किंचित कमी मतांनी निवडून आले, आणि तरीही पाळकपद त्यांनी सोडलेले नाही. निवडणुकीत त्यांच्या जुन्या प्रवचनांचे तुकडे जाहिरातींत वापरले गेले. देवाची आणि धनाची चाकरी एकाच वेळी करता येत नाही, या वचनावर बोलताना 2011 मध्ये त्यांनी सैन्याचाही उल्लेख केला होता, तोच तुकडा त्यांना सैन्यविरोधी ठरवण्यासाठी राज्यभर दाखवला गेला. शंभराहून अधिक कृष्णवर्णीय पाळकांनी याला आपल्या धर्मपरंपरेवरील आघात म्हटले. 2022 च्या लढतीत समोर रिपब्लिकन हर्शेल वॉकर होते, तेही कृष्णवर्णीय, तेही प्रभूच्या कृपेची साक्ष देणारे. म्हणजे एका राज्याला दोन ख्रिस्ती उमेदवारांतून निवड करायची होती, आणि त्या निवडीने कुटुंबे आणि मंडळ्या दुभंगल्या.

पाळकाने सिनेटमध्ये बसावे का? उदाहरणे जुनी आहेत. 1870 मध्ये सिनेटमध्ये बसलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य हायरम रेव्हल्स धर्मोपदेशकच होते. ज्या समाजाला शिक्षण, सभा आणि नेतृत्व यांसाठी चर्चखेरीज दुसरी जागाच मिळू दिली नाही, त्याच्या चर्चने राजकारणापासून दूर राहावे हे सांगण्याचा अधिकार इतरांना फारसा उरत नाही. वॉर्नॉक यांनी मार्च 2021 मधील सिनेटच्या पहिल्या भाषणात मत ही एक प्रकारची प्रार्थना आहे असे म्हटले, आणि प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे ही आध्यात्मिक कल्पना लोकशाहीत राजकीय रूप घेते असे मांडले. हा विचार मला मनापासून पटतो. तरीही रिपब्लिकन पक्षाला मत देणारा एखादा सभासद त्या बाकावर मोकळेपणाने बसू शकतो का, दुःखाच्या प्रसंगी त्याच पाळकाचा हात धरू शकतो का, ही काळजी माझ्या मनात राहते. गोऱ्या इव्हँजेलिकल चर्चमध्ये डेमोक्रॅट मतदाराविषयी हाच प्रश्न विचारावा लागतो, आणि तेथे उत्तर बहुधा अधिक निराशाजनक असते. जुलै 2020 मध्ये नागरी हक्क चळवळीतील नेते आणि जॉर्जियाचे खासदार जॉन लुइस यांच्या अंत्यविधीला या नव्या इमारतीत क्लिंटन, जॉर्ज बुश आणि ओबामा हे तिघेही माजी अध्यक्ष एकत्र बसले होते. बुश रिपब्लिकन होते आणि लुइस त्यांचे कठोर टीकाकार होते. असे काही क्षण येथे घडले आहेत, हे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

सरकारने चालवलेल्या स्मारकात देवाचे नाव किती घ्यावे, हाही प्रश्न आहे. अमेरिकेच्या घटनेतील पहिली दुरुस्ती सरकारला कोणत्याही धर्माचा पुरस्कार करू देत नाही, आणि पार्क सर्व्हिसचे रेंजर ही मर्यादा काळजीपूर्वक पाळतात. किंग यांच्या श्रद्धेविषयी विचारले तर ते इतिहास म्हणून उत्तर देतात, उपदेश करत नाहीत. मला हे खटकले नाही, उलट बरे वाटले. श्रद्धेची बाजू मांडायला रस्त्यापलीकडे जिवंत मंडळी आहे. राजकीय दुहीची झळ मात्र स्मारकालाही पोहोचते. 2018 च्या डिसेंबरात अंदाजपत्रकाच्या वादातून केंद्र सरकारचे काम थांबले तेव्हा हे स्मारक बंद झाले, आणि जानेवारीतील किंग जयंतीला ते उघडता यावे म्हणून डेल्टा विमान कंपनीच्या प्रतिष्ठानाने 83,500 डॉलर दिले. गंमत नव्हे, खेदाची बाब म्हणजे त्याच 2018 च्या आरंभी या स्थळाला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा अधिक वरचा दर्जा देणारा कायदा दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने झाला होता.

काही व्यावहारिक गोष्टी. वाहनतळ जॉन वेस्ली डॉब्स अव्हेन्यूच्या बाजूने आहे आणि तेथे पैसे लागत नाहीत. शहराच्या मध्यभागातून ट्राम थेट किंग वस्तीपर्यंत येते, वयस्क मंडळींना तीच सोयीची. जन्मघर नोव्हेंबर 2023 पासून दुरुस्तीसाठी बंद करण्यात आले होते, त्यामुळे ते आतून पाहण्याचा बेत असल्यास, आणि जुन्या चर्चच्या वेळांसाठीही, निघण्यापूर्वी चौकशी करावी. बाहेरून त्या रांगेतील लाकडी घरे पाहिली तरी दहा मिनिटे चांगली जातात. जेवणाची फारशी सोय आवारात नाही, पाणी आणि मुलांसाठी खाऊ सोबत असावा.

किंग जयंतीच्या सुट्टीला, म्हणजे जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी, येथे अतोनात गर्दी असते आणि भाषणे पुढाऱ्यांची असतात. शक्य असेल तर त्याऐवजी निवडणुकीपूर्वीच्या आठवड्यांतील एखादा रविवार निवडावा. जॉर्जियात मुदतपूर्व मतदान असते. कृष्णवर्णीय मंडळ्या उपासना आटोपून सभासदांना बसने थेट मतदान केंद्रावर नेतात. 2021 मध्ये राज्याने निवडणूक कायदा बदलला तेव्हा रविवारच्या मतदानावर मर्यादा आणण्याचा प्रस्ताव आरंभी पुढे आला होता. अखेरच्या कायद्यात रविवार राहिले, पण ते ठेवायचे की नाही हे प्रत्येक काउंटीवर (जिल्ह्यासारख्या विभागावर) सोडले गेले, आणि केंद्राजवळच्या रांगेत उभ्या असलेल्यांना बाहेरच्या माणसाने पाणी किंवा खाणे देण्यास मनाई आली. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी अशा रविवारी उपासनेनंतर चर्चच्या दारात थोडा वेळ उभे राहावे. तेथे हाती कागद घेतलेली स्वयंसेवक मंडळी येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच प्रश्न विचारत असतात, की तुमची नोंदणी तपासून पाहिली का.